आढळले नाही

पांझरेच्या काठी, सिव्हिलच्या मागे
आमचा प्लांट. पाटी गंजलेली.
रात्रपाळीला मी आणि सुभान तडवी,
आणि टाक्यांतले ते असंख्य कामगार
ज्यांची हजेरी कुणी लावत नाही.

सुकलाल अण्णा कुंपणाला सायकल टेकवून विचारतात,
"काय करस वं माय तू आठे?"
पाणी धुते, म्हणते मी.
"पानी बी कोनी धोस का?"
हसतात, मेथीची एक जुडी देतात.
त्यांच्या शुगरची गोळी सकाळी भाकरीआधी,
रात्री खिचडीनंतर;
थोडी त्यांच्या अंगी लागते,
उरलेली पहाटे माझ्याकडे येते.
हे मी त्यांना सांगत नाही.

शहर काय गिळतं ते मला कळतं.
गुडघे, ब्लडप्रेशर,
लग्नसराईनंतरची अ‍ॅसिडिटी,
झोप न येणाऱ्यांची विकतची झोप.
साऱ्या गावाचं दुखणं
नावाशिवाय, चिठ्ठीशिवाय,
एकाच पाइपातून.

टाकीतले जीव पुष्कळ खातात.
पेज, साबण, मूत, रक्त,
कळण्याच्या भाकरीची परात विसळलेलं पाणी.
शुगरची गोळीही चघळून टाकतात.
पण फिटची गोळी आली
की न आवडलेलं ताट पाटापुढून सरकवावं
तशी सरकवून देतात.
जशीच्या तशी.

ही गोळी माझ्या ओळखीची.
थोरली बहीण, कुमुद, नदीपल्याड देवपुरात दिली,
तेव्हा उडदाच्या डब्यात तळाशी
कागदात बांधून घेऊन गेली.
"सासूपुढे काढू नको विषय," एवढंच म्हणाली
आणि रिक्षात बसली.
कधीतरी उडीद संपले असतील खालपर्यंत.
आम्ही विचारलं नाही.
फोन केला की म्हणते, सगळं बरं आहे.

दोन वर्षांपूर्वी ओझोन आला.
सुभान म्हणतो, सातपुड्यात वीज पडून गेली
की असाच वास येतो.
मला झेरॉक्सच्या दुकानाचा वाटतो,
बारावीच्या नोट्स, गरम कागद.
दिसत काहीच नाही, नुसते बुडबुडे.
पण जिथे दोन कार्बन दोन्ही हातांनी
एकमेकांना धरून उभे असतात
नेमका तिथेच तो घाव घालतो.

तुटलं तरी पाण्यातच असतं सगळं, बारीक होऊन.
मग ते वाळूच्या थरात उतरतं.
तिथले जीव बुळबुळीत, सावकाश;
अख्खं ज्यांना पचत नव्हतं
ते तुकडे खात बसतात.
आणि ओझोन जास्त सोडून चालत नाही,
भलतंच काही तयार होतं, आधीपेक्षा वाईट.
मीटरवर डोळा ठेवावा लागतो.
आमच्या आईच्या रागासारखं आहे ते.

नमुना पुण्याला जातो, बर्फाच्या डब्यातून.
तीन आठवड्यांनी कागद येतो.
फिटच्या गोळीसमोर दोन रकाने:
आत येणाऱ्या पाण्यात एक आकडा,
बाहेर जाणाऱ्यात, आढळले नाही.
म्हणजे नाहीच असं नाही.
म्हणजे यंत्राला दिसतं त्याच्या खाली.
साहेब या रकान्यावर सही करतात, चहा मागवतात.

मी पहिला रकाना बघते.
एका बाईच्या गोळीने शहराचा आकडा हलत नसतो,
हे गणित नव्या पोरांना मीच शिकवते.
तरी दर वेळी बोट ठेवून बघते,
येतंय ना अजून आत.

येतंय.

सुभानने व्हॉल्व्ह फिरवला.
पल्याड देवपुरात
कुणाच्या तरी मोरीतला दिवा लागला,
आणि थोड्या वेळाने विझला.